वायफायचं कुलूप

"आई, एकदा लावलं की लावलं. मग उद्या म्हणायचं नाही, हे उघड नि ते उघड," उदय म्हणाला आणि कपाळावरचा चष्मा त्यानं नाकावर घेतला.

"मी कशाला म्हणेन? तू लाव."

उदय माझा एकुलता एक. इचलकरंजीत त्याचे स्वतःचे माग आहेत. मागाचा धोटा अडकला तर आवाजावरून सांगेल कुठं अडकलाय ते, पण घरातली पोरगी कुठं अडकलीय ते मला सांगावं लागलं. तनिष्काची, म्हणजे आमच्या तनूची, दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. अभ्यासाचे व्हिडिओ बघते म्हणून ती फोन घेऊन खोलीत बसायची. मी एकदा चहा द्यायच्या निमित्तानं आत गेले, तर भूमितीच्या पुस्तकावर फोन उभा आणि फोनमध्ये एक पोरगा कंबर मोडून नाचतोय. मी विचारलं, हा कुठला सिद्धांत गं? तनू म्हणाली, आज्जी, आत्ताच मधे जाहिरात आली. आमच्या घरात त्या वर्षी जाहिराती फार लांबत होत्या.

मग मी जेवताना फर्मान काढलं. फोन काढून घ्यायचा नाही, पोरगी तोंड सुजवून बसेल. पण त्यातलं नाचगाणं बंद करायचं. उदयला कुणीतरी सांगितलं होतं की हल्ली वायफायच्या डबीतच तशी सोय असते. कुठल्या फोनवर काय चालू द्यायचं नि काय नाही, ते घरबसल्या ठरवता येतं. मला ही डबी तेव्हापासून फार आवडायला लागली. इतकी वर्षं घरात मी जे तोंडानं करत आले, ते ती गप बसून करत होती.

तर उदय कॉम्प्युटर घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला. पडद्यावर यादी आली. घरात जेवढे फोन वायफायवर चालतात, तेवढ्यांची नावं एकाखाली एक. त्यानं बोटानं दाखवून वाचलं, हा माझा, हे पद्मजा, हे कसलं तरी कंपनीचं नाव, आणि ही बघ, तनिष्का.

"सापडली," मी म्हटलं. "तिच्यावर फुली मार."

माझी सून पद्मजा पोळ्या लाटत होती. ती हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली, यादीकडं वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, थांबा जरा. आत्या, हा फोन..."

सुना सासूला आत्या म्हणतात आमच्याकडं. पण आत्या म्हटलं म्हणून मी ऐकून घेईन असं नाही. मी म्हटलं, तू मधे पडू नकोस, तूच तिला लाडावून ठेवलंयस, तुझी पोळी करपतेय ती बघ. पद्मजा एकदा माझ्याकडं, एकदा नवऱ्याकडं बघत आत गेली. पोळी करपली नव्हती. पण माझ्या सुनेचा एक गुण आहे, तिला गप बस म्हटलं की ती मनापासून गप बसते.

उदयनं फुली मारली. सगळे व्हिडिओ बंद, खेळ बंद, परीक्षा संपेपर्यंत. अभ्यासाचं काही लागलंच तर बाईंनी निरोपाच्या ग्रुपवर पाठवलेलं उघडत होतं, तेवढं पुरे होतं. तनूला बोलावून हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, जणू हिचं लग्न ठरवलंय. पाय आपटत खोलीत गेली. मग थोड्या वेळानं बाहेर आली ती एकदम शांत. म्हणाली, "बरं पप्पा. तुम्ही म्हणता तर तसं."

मी उदयला म्हटलं, बघ, एका दिवसात गुण आला.

आता माझ्या स्वतःच्या फोनचं सांगते. आमच्या घरात फोन कपड्यांसारखे फिरतात. नवा घेतला की जुना खालच्याला. मी घरात सगळ्यांच्या वरची, पण फोनच्या बाबतीत सगळ्यांच्या खालची. बोलायला माझ्याकडं बटणांचा साधा फोन होता, पण मोठ्या काचेचाही एक होता, सिमकार्ड नसलेला, कोपऱ्यात काच तडकलेला. घरातल्या वायफायवर चालायचा. आज्जीला भजनं ऐकायला, म्हणून मला दिला होता. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. मराठी अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजीच्या वाटेला जात नाही. पण चित्रावर बोट ठेवायला कुठं शाळा लागते?

रोज चारला, पद्मजा पडलेली असायची, उदय मागावर, तनू शिकवणीला, तेव्हा मी देवघराशेजारी पाट घेऊन बसायचे आणि भजन लावायचे.

ते भजन म्हणजे माझी धाकटी जाऊ, शालन.

शालन दोन गल्ल्या पलीकडं राहते. दीर गेल्यापासून एकटी, मुलगा पुण्याला. तिनं त्या मुलाच्या सांगण्यावरून स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले होते. आणि मी तिच्याशी बारा-तेरा वर्षं बोलत नव्हते. कारण विचाराल तर कारण मोठं होतं. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं लाल तिखट. ते उन्हाळ्यात एकदा करायचं आणि वर्षभर त्यावर घर चालवायचं. कुणाच्या घरची चटणी कशी, यावर त्या घरची बाई जोखतात. आमच्या सासूबाईंची चटणी अख्ख्या पेठेत नावाजलेली. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा गल्लीतल्या बायका भेटायला आल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, आता तुमचा चटणीचा हात कुणाकडं आला म्हणायचा? आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, शालनकडं.

थोरली मी. मिरच्या मी निवडायच्या, उन्हात मी घालायच्या, डंकावर, म्हणजे मिरच्या कुटायच्या गिरणीवर, डोक्यावरून पाटी मी न्यायची, आणि हात शालनचा. मी तिथंच ठरवलं, हिच्या दारात पाय ठेवायचा नाही, हिच्याशी बोलायचं नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं. दिराच्या वेळी गेले, सगळ्यांचं जेवणखाण बघितलं, तिच्या पाठीवर हातही ठेवला, पण बोलले नाही. उदय, पद्मजा जात-येत. मी त्यांना कधी अडवलं नाही आणि तिकडचं काही विचारलंही नाही. घरात शालनचं नाव निघालं की मी उठून जायचे. अशा बाईला रोज चारला शालनचं तोंड बघितल्याशिवाय चहा गोड लागत नाही, हे कुणाला कळलं असतं तर माझी काय शोभा राहिली असती?

आणि मी काही प्रेमानं बघत नव्हते. चुका काढायला बघत होते. शालननं मला खूप दिल्या. वांग्याच्या भरीतात साखर. कटाच्या आमटीला तमालपत्र विसरली. पातोड्या थापल्या त्या इतक्या जाड की दारात अडसराला लावाव्यात. मी फोनला सांगायचे, शालन, अगं शालन, कुणी शिकवलं तुला. फोन ऐकून घ्यायचा. घरातल्या माणसांपेक्षा बरं होतं ते.

त्या वर्षी ऊन तापायला लागताच शालननं नेमकी चटणीच करायला घेतली. "आमच्या सासूबाईंची चटणी," असं हसून म्हणाली, तेव्हा मी फोन पालथा घातला होता. मग पुन्हा सुलटा केला. पहिल्या दिवशी मिरच्या. दुसऱ्या दिवशी मसाला भाजायला बसली, आणि धणे करपवले. डोळ्यांदेखत. धूर निघाला तरी ही बाई हसून बोलतेय. शेवटी डावा हात चोळत म्हणाली, "हात जरा भरून आलाय, कांदा-खोबरं उद्या करू या."

तो उद्या आला तो उदयनं कुलूप लावल्यानंतरचा. मी चारला पाट घेतला, शालनच्या चित्रावर बोट ठेवलं. नुसतं गोल गोल चाक फिरलं. मग काळं झालं आणि इंग्रजीत काहीतरी आलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा चाक. वायफाय गेलं म्हणावं तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलांचे शुभ सकाळ संध्याकाळपर्यंत येतच होते. म्हणजे सगळं जागेवर होतं, फक्त शालन नव्हती. मी शालनशिवाय दुसरं काही बघतच नव्हते. त्यामुळे दुसरं काही चालू आहे की बंद, हे मला कळायचं कारण नव्हतं.

बरं झालं, मी मनाशी म्हटलं. धणे करपले, लोक हसले असतील, दुकान बंद केलं असेल.

दुसऱ्या दिवशीही चाक. मग मात्र मला तिचा तो चोळलेला हात दिसायला लागला. डावा हात भरून येणं म्हणजे काय, हे मला दिराच्या वेळी डॉक्टरनं समजावलं होतं. घरात एकटी. विचारावं कुणाला? उदयला विचारावं तर तो म्हणणार, आई, तुला आज काकूची कशी आठवण झाली.

शेवटी तनूला गाठलं. आडून आडून विचारलं, फोनमध्ये एखादी भजनवाली बाई रोज दिसते आणि एकदम दिसेनाशी झाली तर काय समजायचं. तनूनं पुस्तक बंद केलं. माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जरा जास्तच गोड आवाजात म्हणाली, "कधी कधी लोक आपणहून बंद करतात, आज्जी."

"आणि नाहीतर?"

"नाहीतर मग... आजारीबिजारी असेल."

त्या कार्टीला तेव्हाच सगळं कळलं होतं. पण माझ्या फोनवरचं कुलूप उघडलं असतं तर ते तिच्यावर जाऊन बसलं असतं. ती भूमिती उगीच नव्हती शिकत.

सकाळी मी आमच्या मिरच्या घेऊन डंकावर गेले. कुटायला अजून वेळ होता, मसाला भाजायचा राहिला होता, पण डंकावर गेलं की अख्ख्या गावातल्या चटणीची खबर मिळते. डंकवाल्या बाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या शालनचं कुटून झालं का? ती म्हणाली, नाही बाई, त्यांनी कालचा नंबर लावला होता, आल्याच नाहीत, फोनही उचलला नाही.

चटणीचा नंबर लावून न येणारी बाई मी आजवर बघितली नाही. लग्नघरात मुहूर्त चुकेल, डंकावरचा नंबर कुणी चुकवत नाही. मी मिरच्यांची पिशवी तिथंच ठेवली, डंकवालीला म्हटलं, येते, आणि निघाले. वाटेत दोघी-तिघींनी हाक मारली, मी कुणाला ओ दिली नाही. शालनच्या दाराशी आले. दार लोटलेलं. उंबऱ्यात मी थांबले, हे खरं. फार नाही.

आत गेले तर शालन स्वयंपाकघरात शेगडीपुढं बसलेली, धडधाकट, नवी साडी, केसात गजरा. समोर स्टीलच्या डब्यांची उतरंड, वरच्या डब्याला फोन टेकवून उभा. कढईत खोबऱ्याचा कीस. आणि ती फोनकडं बघून हसतेय.

माझ्या अंगात भीती होती ती सगळी जिभेवर आली. मी म्हटलं, "मेली नाहीस होय गं तू? मग नंबर लावून डंकावर का गेली नाहीस? फोन का उचलला नाहीस?"

शालन गर्रकन वळली. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मग ती म्हणाली की मसालाच बिघडला होता, सगळा पहिल्यापासून करायला लागला, मग कुटायला काय नेणार. आणि डंकवालीला तोंड कसं दाखवायचं म्हणून फोन उचलला नाही.

"बिघडणारच," मी म्हटलं. "धणे कुणी असे जाळतं? धूर निघाला तरी बोलत बसलीस. आणि तो हात कसला चोळत होतीस? डॉक्टरला दाखवलास का?"

"मिरच्यांची देठं खुडून खुडून भरला होता. आता बरा आहे." मग तिनं विचारलं, "आक्का, धणे जळले ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "वास आला."

"दोन गल्ल्या पलीकडं?"

"माझं नाक चांगलं आहे."

खोबरं तांबूस व्हायला लागलं होतं. मी तिच्या हातातनं उलथनं घेतलं, तिला बाजूला सरकवलं आणि कढईपुढं बसले. आच कमी केली. नुसता खोबऱ्याचा वास आणि उलथन्याचा आवाज. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, इतक्या वर्षांत तू एवढी कशी गं विसरलीस? भरीतात साखर, आमटीला तमालपत्र नाही. सासूबाई असत्या तर परात फेकून मारली असती.

शालन खाली बघत म्हणाली, "विसरले नाही मी काही. तुम्ही कधी कौतुकाला आला नाहीत, आक्का. लग्न झाल्यापासून बघतेय, कुणाचं काही चुकलं की मात्र तुमच्यानं राहवत नाही. म्हणून चुकत होते."

"मी बघते म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. बघत असाल तर बघाल, म्हटलं. वर्ष झालं, रोज चुकतेय." तिनं पदरानं नाक पुसलं. "धणे मात्र जास्तच जळले. ते मनाला लागलं माझ्या."

माझ्या डोळ्याला पाणी आलं ते खोबऱ्याच्या धुरानं. धूर नव्हता, पण आलं. मी म्हटलं, कांदा कुठं आहे, उन्हात नीट वाळवलास का, की तोही चुकवलायस. ती उठून कांदा आणायला गेली. जाताना माझ्या खांद्याला तिचा हात लागला, आणि तो तिनं जरा उशिरा काढला.

मग आम्ही दुपारपर्यंत मसाला भाजला. भांडलोही. खसखस आधी की तीळ आधी, यावर तिनं माझं ऐकलं नाही. सासूबाईंचा हात कुणाकडं आला हा विषय दोघींनी काढला नाही. पण चटणी डंकावर गेली ती एकाच पाटीतून, तिच्या मिरच्या, माझ्या मिरच्या, एकत्र. डंकवालीनं भुवया वर केल्या. मी तिला म्हटलं, कूट तू, मिरच्या मोजू नकोस.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. डब्यांच्या उतरंडीवरचा तो फोन सगळा वेळ चालू होता.

संध्याकाळी उदय घरी आला तो चेहऱ्यावर काहीतरी लपवून. पद्मजाही ओठ दाबत होती. उदयनं फोन माझ्यापुढं धरला. शालननं तो व्हिडिओ जसाच्या तसा चढवला होता. आधी शालन हसतेय, मग माझा आवाज, मेली नाहीस होय गं तू. मग माझी पाठ, माझं उलथनं, आणि धण्यांवरचं माझं सगळं भाषण. खाली लोकांनी लिहिलं होतं, ते उदयनं वाचून दाखवलं. एकीनं विचारलं होतं, या रागीट आक्का रोज येणार का?

"आई," उदय म्हणाला, "ते करपलेले धणे तू कुठं बघितलेस?"

मी म्हटलं, भजन ऐकताना मधे जाहिरात आली.

पद्मजा हसायला लागली ती थांबेना. मग डोळे पुसत म्हणाली, "आत्या, मी त्या दिवशी हेच सांगत होते. यादीतलं तनिष्का म्हणजे तिचा आधीचा फोन. आता तुमच्याकडं आहे तो. नाव अजून तिचंच आहे त्याला. आणि तिच्याकडं आता माझा जुना आहे, तो यादीत पद्मजा म्हणून दिसतो. कुलूप लागलं ते तुमच्या फोनला."

तिघं तनूकडं वळलो. ती भूमितीच्या पुस्तकात इतकी खोल गेली होती की केसच तेवढे वर दिसत होते.

उदयचा चेहरा तांबडा झाला. तो कॉम्प्युटर आणायला उठला, म्हणाला, आई, तुझं आत्ता काढतो आणि हिचं आत्ता लावतो. मी त्याला म्हटलं, "बस खाली. यादीला हात लावू नकोस, पुन्हा कुणाला तरी कोंडून ठेवशील."

मग मी तनूला म्हटलं, इकडं ये, फोन आण. तिनं आणला. मी तिच्या हातातला चांगला फोन घेतला आणि माझा तडकलेला तिच्या हातात ठेवला.

"हा घे. नाव तुझंच आहे त्याला."

"आज्जी, याची काच फुटलीय."

"फोडली कुणी?"

तिनं काचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तू काकीआज्जीकडं गेली असतीस का?"

उत्तर मला येत होतं, पण दहावीच्या पोरीला सगळी उत्तरं आयती द्यायची नसतात. तिला म्हटलं, आजारीबिजारी म्हणून माझा जीव काढलास, त्याचा हिशेब परीक्षा झाल्यावर करू. तिचा चांगला फोन मी कपाटात घातला.

दुसऱ्या दिवशी चारला मी धुवट लुगडं नेसले, अंबाडा पुन्हा घातला आणि चपला पायात सरकवल्या. तनू दारात अभ्यासाला बसली होती, म्हणजे बसल्यासारखी. तिनं विचारलं, आज्जी, कपाटातला फोन नेत नाहीस? चार वाजले.

मी म्हटलं, "मला कशाला फोन? मी आता फोनमध्येच असते. तुझी परीक्षा झाली की बघ."

आणि निघाले. शालन आज काकवी घालून धपाटे करणार होती. धपाट्यात काकवी. सांगायला कुणीतरी तिथं जायलाच हवं होतं.